घरी जायचंय

सांगलीच्या भरगच्च सभागृहात म्हातारे अमेरिकन अंतराळवीर बोलता बोलता थांबले. दुभाषी म्हणून शेजारी उभ्या असलेल्या मृणालिनीने दचकून त्यांच्याकडे पाहिलं. चंद्रावरून पृथ्वी कशी दिसते, हे ते गावोगाव त्याच शब्दांत सांगत आले होते. आज त्यांना पुढचं वाक्यच आठवेना.

पहिल्या रांगेतल्या बाईंनी सांभाळून घेत विचारलं, "चंद्रावर उभं असताना मनात काय आलं हो?"

मृणालिनीने प्रश्न इंग्रजीत सांगितला. माइकपासून तोंड फिरवून ते तिच्या कानाशी इंग्रजीतच पुटपुटले, "फार थकलोय गं. मला घरी जायचंय."

मग सभेकडे वळून ती म्हणाली, "सर सांगताहेत, फार थकलो होतो. घरी जावंसं वाटत होतं."

टाळ्यांनी सभागृह दणाणलं. लोक उभे राहिले.

"काय सांगितलंस त्यांना?" म्हाताऱ्यांनी गोंधळून विचारलं.

"तुम्ही म्हणालात तेच."

त्यांचा हात धरून ती सावकाश पायऱ्या उतरली. खाली आयोजक हार घेऊन उभे होते. "मॅडम, उद्या कोल्हापूरला किती वाजता निघायचं?"

"कोल्हापूर रद्द करा," ती म्हणाली. "सर उद्या घरी जाताहेत."