उघाडीच्या फळ्या

माझ्या वडिलांच्या, आबांच्या बाराव्याला काकांनी अंगणातल्या चिखलावर चार फळ्या टाकल्या, येणाऱ्यांचे पाय भरू नयेत म्हणून. मी त्यांवरून दोनदा गेले आणि तिसऱ्यांदा खाली बसले.

खाडीच्या बांधाला दार असते, उघाडी. भरतीआधी तिच्या खाचेत फळ्या उतरवायच्या आणि फटी चिखल-पेंढ्याने लिंपायच्या, हे काम तीस वर्षे आबांचे. गेल्या महिन्यातल्या उधाणात खारे पाणी आत शिरले आणि गावाचे उभे भात जळून गेले. फळ्या जागेवर नव्हत्याच. आबा लावायला विसरले, असे काकांनी गावाला सांगितले. आबांनाही ते पटले. त्यांनी अन्न सोडले.

अंगणातल्या या फळ्यांच्या कडांना लिंपलेला चिखल आणि पेंढा अजून चिकटून होता. म्हणजे आबांनी त्या लावल्या होत्या. नंतर कोणीतरी उपसल्या होत्या.

"काका, या तुमच्याकडे कशा आल्या?"

काकांनी पेंढा पाहिला, मग मला. आवाज खाली आणून म्हणाले, "अगो बाय, भातात आता काय राहिलंय? खारवलेली जमीन कोळंबीवाले लगेच घेतात. तुझाही वाटा ठेवलाय."

मी उठून काकांपासून दोन पावले मागे सरकले. वाट्यामुळे नव्हे. आबांच्या शेवटच्या आठवड्यात हाच माणूस रोज त्यांच्या उशाशी बसायचा, पाठीवरून हात फिरवायचा आणि म्हणायचा, "वयानं होतं असं, दादा. मी नाही रागावलो."