धरलेला आकडा

सन दोन हजार चोवीसच्या श्रावणातील दुसऱ्या रविवारी, सकाळी, जांबोटी रस्त्यालगतच्या एका खेड्यातील दूध संस्थेच्या कचेरीत संचालकांची बैठक भरली. संस्थेचे तपासणी यंत्र बिघडल्यामुळे आठवडाभर घरोघरचे दूध न तपासताच कॅनमध्ये ओतले गेले होते. शीतकेंद्रात कॅनची फॅट कमी लागली. कोणीतरी पाणी घालीत होते. ज्याचे नाव निघेल त्याचे दूध कायमचे बंद करायचे, एवढे आधीच ठरले होते.

सचिव शामूची मुलगी तेजस्वी बेळगावात अभियांत्रिकी शिकत होती. कोणत्या कॅनमध्ये कोणाचे किती दूध आणि त्या कॅनची फॅट किती, यावरून तिने प्रत्येक कॅनमागे एक समीकरण मांडले होते. लॅपटॉपवरचा तिचा प्रोग्राम एका ओळीतून दुसरी वजा करीत गेला आणि एकेक घर निर्दोष सुटत गेले. शेवटची ओळ मात्र सगळी शून्य झाली.

“म्हंजे?” चेअरमन मारुतीरावांनी विचारले.

“दोन घरं राहिली, आप्पा. तुमचं आणि शेजारच्या भरमूकाकांचं. काका सायकलीवरनं दोन्ही किटल्या आणत्यात, सारख्याच भरलेल्या, आणि एकाच कॅनात वततात. त्यामुळं दोघांची बेरीज कळती, येगळं कळत न्हाय. एकाची फॅट आपण धरायची, मग दुसऱ्याची निघती.”

“मग माझी चांगली धर की!”

संचालक हसले. मारुतीराव हसले नाहीत.

“काकांची चांगली धरली, तर पाणी तुमच्यात निघतंय, आप्पा. उद्या दोन्ही किटल्या शीतकेंद्रात येगळ्या तपासू या.”

“उद्या कोण पाणी घालून आणंल, येडे?”

युक्तिवाद बिनतोड होता. शामूने चेअरमनांकडे पाहिले, मग मुलीकडे.

“आप्पा सांगत्यात तसं धर गं. मला हितंच काम करायचं हाय.”

तिने आकडा धरला. लॅपटॉपने क्षणात दुसरा काढून दाखवला.

बाहेर थांबलेल्या भरमूला आत बोलावण्यात आले. निकाल ऐकून तो तेजस्वीकडे वळला.

“माझंच नाव आलं व्हय, पोरी? नीट बघितलंस?”

तिने लॅपटॉप मिटला. उत्तर मारुतीरावांनी दिले.

“कंप्युटर काय माझा पावणा न्हाय, भरमू. तुझं दूध बंद.”