बातमीच्या आधी

"जरा जोरात घ्या ना, दादा," काफुईने तिसऱ्यांदा म्हटले.

"ताई, ही गाडी माझ्या आजोबांच्या वयाची आहे," ड्रायव्हर म्हणाला. "तिला पळ म्हटलं, तर रस्त्यातच बसकण मारील."

मागच्या बाकावरची मासळीवाली खुदकन हसली. "नवरा पळून चाललाय का गं कुणाबरोबर? एवढी कसली घाई?"

काफुई हसली नाही. तिचा धाकटा भाऊ सेन्यो काल रात्री राजधानीत, अक्रात, मोटारसायकलवरून पडून वारला होता. दवाखान्याच्या पायरीवर बसून तिने फोन उघडला, तेव्हा तिने कुणाला कळवण्याआधीच तो फेसबुकवर मेलेला होता. मित्रांनी त्याचा निळ्या सदऱ्यातला फोटो लावला होता. खाली मेणबत्त्या, जोडलेले हात, रडणारे पिवळे चेहरे. पहाटेची पहिली गाडी सुटेपर्यंत त्या चेहऱ्यांची संख्या चारशेवर गेली होती.

आणि आईजवळ फोन होता. गेल्या नाताळात काफुईनेच घेऊन दिलेला, लेकरांचे फोटो दिसावेत म्हणून. आई रोज चूल पेटवण्याआधी तो उघडायची.

काफुईने पुन्हा नंबर लावला. फोन बंद होता. बंदच राहू दे, ती मनात म्हणाली. शेजारच्या आब्ला मावशीचा फोन मात्र वाजत होता. वाजून वाजून थांबत होता. कुणी उचलत नव्हते.

दर शुक्रवारी ती एका संकेतस्थळावर समाजमाध्यमांविषयी लिहीत असे. तिची मते ठाम होती आणि वाचक पुष्कळ. दोनच महिन्यांपूर्वी तिने लिहिले होते की बातमीला आता पाय लागत नाहीत, उंबरठा लागत नाही, आणि हे चांगलेच झाले. कुणाच्या घशात अडकलेल्या शब्दाची आता कुणाला वाट पाहावी लागत नाही. त्याखाली पहिला शेरा सेन्योचा होता: "लिहितेस झकास, ताई. आईसमोर उभी राहून बोलून दाखव बरं हे!"

सोगाकोपेच्या पुलाशी पाववाल्या बायका खिडक्यांना लगडल्या. ड्रायव्हर भाव करत बसला. काफुई ओरडली, तसा तो दचकला आणि पाव न घेताच निघाला. डाबाला गाव मागे पडले. एका बाजूला खाडी उघडली, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि मधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवरून ती म्हातारी गाडी तिच्या भावाचे मरण घेऊन धावू लागली.

आपल्या गावी, अन्लोगाला, उतरताच काफुईने बूट हातात घेतले आणि वाळूतून पळत सुटली. छोट्या कांद्यांच्या वाफ्यांमध्ये बायका पाणी घालत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. सुताराच्या दुकानातला रेडिओ बंद होता. एरवी ती दिसली की सुतार लांबूनच हाळी द्यायचा, "आली का अक्राची मडम! आमच्यासाठी काय आणलंस?" आज तो रंधा थांबवून एवढेच म्हणाला, "ये पोरी. आई घरीच आहे."

सगळे आपापल्या कामात होते. कुठून रडण्याचा आवाज नव्हता. म्हणजे अजून कुणाला कळलेले नाही. बातमीला तिने गाठले होते.

अंगणात आई कांद्यांच्या जुड्या बांधत बसली होती. शेजारी आब्ला मावशी होती. आईने उठून बाक पुढे सरकवला. भोपळ्याच्या कटोऱ्यातून पाणी आणून दिले. काफुईने पूर्वजांसाठी दोन थेंब जमिनीवर सांडले, उरलेले प्याली. आई समोर बसली, गुडघ्यांवर हात ठेवून, जशी ती कोणत्याही पाहुण्यासमोर बसे.

"इथं सगळं शांत आहे," आई रीतीप्रमाणे म्हणाली. "वाटेवर तू होतीस. तू बोल."

चार वर्षांत काफुईने लक्षावधी शब्द लिहिले होते. त्यांतला एकही आत्ता तिच्या मदतीला आला नाही.

"आई," ती म्हणाली. "आई, आपला सेन्यो..."

आईने पुढे बोल म्हणून मान हलवली.

"आपला सेन्यो गेला, आई."

आईने तिच्या हातातला कटोरा काढून घेतला आणि हळूच खाली ठेवला. मावशीने पदर तोंडात कोंबला. तरी हुंदका फुटलाच. आणि मग कुंपणापलीकडून एक हंबरडा उठला. त्याला लागून दुसरा. वाफ्यांतून, सुताराच्या दुकानातून, पार समुद्राच्या बाजूने. सकाळपासून कोंडून धरलेला श्वास गावाने एकदम सोडावा, तसा.

"तुला ठाऊक होतं?" काफुईने विचारले.

"पहाटेच बघितलं मी त्या फोनवर," आई म्हणाली. "मग बंद करून टाकला. सगळ्यांना शपथ घातली, पोर येईस्तोवर कुणी रडायचं नाही. घरच्या माणसानं तोंडानं सांगितल्याशिवाय कुणी मरत नाही आपल्यात."

तिने लेकीच्या केसांतली वाळू बोटांनी झटकली. कपाळावरचा घाम पुसला.

"एवढी धावत कशाला आलीस गं बाळा? सावकाश आली असतीस, तर तेवढा आणखी जगला असता तो."