सहीचा जबडा

“सांगून कुणाला पटणार नाही, पण अध्यक्षांचा पंजा मीच चिरडला!” निवृत्त वित्तप्रमुख हेमांगीताई चहा भुरकत नव्या वित्तप्रमुख तस्नीमला सांगत होत्या. तस्नीमला आज ताळेबंदावर सही करायची होती. सही करताना हात यंत्राच्या जबड्यात ठेवावा लागे, आणि आकडे खोटे असले की बोटं तुटत.

“ते म्हणाले, ‘बाई, तोटा झाका!’ मी म्हटलं, ‘आकडा तुमचा, तर हातही तुमचाच!’ आणि कोंबला की आत! कडाकड हाडं मोडली. रक्त पंख्यापर्यंत उडालं आणि पंख्यानं ते सगळ्या संचालकांवर शिंपडलं!”

तस्नीमनं कप धरलेल्या ताईंच्या हाताकडे पाहिलं.

“खोटं बोलताय, ताई. अध्यक्ष आत्ताच माझ्यापुढे दोन्ही हात जोडून ‘यंदा सांभाळून घ्या’ म्हणून गेले. बोटं तुमची तुटलीत.”