सहा गुणांचा जिना

नगरपरिषदेच्या अध्यक्षांना या अर्जातून मिळून मिळून काय मिळणार होतं, तर कोनशिलेवर नाव आणि उद्घाटनाला नवा कोट शिवायचं निमित्त. हेडक्लार्कला तेवढंही नव्हतं. त्याच्या वाट्याला चौऱ्याहत्तर पानं आणि त्यांच्या पाच प्रती, त्याही तिसऱ्यांदा. सरकारच्या पुनरुज्जीवन निधीसाठी परिषदेनं आधी दोनदा अर्ज केला होता आणि दोन्ही वेळा तो पडला होता, कारण गाव पुरेसं मोडकं ठरलं नव्हतं. मोडकेपणाचे निदान साठ गुण लागत. पहिल्या खेपेला चार कमी पडले. दुसऱ्या खेपेला दोन, आणि तेही कुणीतरी उत्साहाच्या भरात वाचनालयाची गळती काढली म्हणून. तेव्हापासून परिषदेनं कानाला खडा लावला होता. मोडलेल्या वस्तूला हात लावायचा नाही.

या वेळी बेरीज एकसष्ट होत होती. त्यातले सहा गुण दवाखान्याच्या जिन्याचे. सभागृहाच्या डोक्यावरच परिषदेचा दवाखाना, पायऱ्या बावीस, आणि कठडा चार वर्षांपूर्वी निखळून पडलेला. हेडक्लार्कनं फोटो चिकटवून खाली लिहिलं होतं, 'वृद्धांस धोकादायक.' अक्षर सुरेख होतं.

अर्ज पाचच्या आत पोचवायचा होता. चारला सभा भरली. अर्ज करायचा की नाही हा एकच विषय, आणि सगळे आधीच दमलेले. तेवढ्यात सदस्यांपैकी निवृत्त शिक्षिका असलेल्या बाईंनी परिषदेचं कौतुक केलं. जिन्याला कठडा लावलात ते फार बरं झालं, त्या म्हणाल्या, सकाळी मी धरूनच वर गेले.

हेडक्लार्क जाऊन पाहून आला. कठडा होता. काळ्या नळीचा, सांधे घासून गुळगुळीत केलेला. जिन्याचे सहा गेले की पंचावन्न, असं तो खाली बसता बसता म्हणाला.

काम समोरच्या वेल्डरचं निघालं. त्याला बोलावलं. तो जाड हातमोजे काखेत धरून दाराशी उभा राहिला. कुणाला विचारून लावलास, असं अध्यक्षांनी विचारलं. कुणालाच नाही, तो म्हणाला. आई मंगळवारी आणि शुक्रवारी गोळ्या न्यायला येते. मागच्या महिन्यात सातव्या पायरीवरून घसरली, गुडघा फुटला. त्याआधी त्यानं परिषदेकडे तीन अर्ज दिले होते. हेडक्लार्कनं मान डोलावली. तिन्ही त्यानं जपून ठेवले होते, पान एकोणपन्नास ते एक्कावन्न. तक्रारींनाही गुण होते.

"काम चांगलं केलंयस," अध्यक्ष म्हणाले, आणि ते मनापासूनच म्हणाले. "आता काढून टाक."

बाईंनी पेपर तपासावा तशा सुरात विचारलं, की जे मागायला निघालोत ते लागलंय, तर मागायचं कशाला? अध्यक्षांनी थकलेल्या आवाजात समजावलं. निधीत नुसता कठडा नाही. लिफ्ट आहे, फरशी आहे, दुसरा डॉक्टर बसेल अशी खोली आहे. एका नळीपायी हे सगळं घालवायचं? प्रश्न खोटा नव्हता. तपासणीला माणूस आठ दिवसांत येईल, ते वेल्डरला म्हणाले, तो पाहून गेला की तुझा कठडा पुन्हा लाव.

"आठ दिवस आईनं धरायचं काय?"

"दुसऱ्या बाजूला भिंत आहे ना."

"भिंत धरता येत नाही, साहेब. टेकता येतं फक्त."

अध्यक्षांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि ठरावाला हात वर करायला सांगितले. सातांपैकी सहा हात वर गेले, दोन-तीन जेमतेम खांद्यापर्यंत. बाईंचा हात टेबलावरच राहिला. हेडक्लार्कनं लिहिलं, 'जिना पूर्ववत करण्यात यावा,' आणि पाचला दहा कमी असताना गठ्ठा काखोटीला मारून धावला.

वेल्डरनं दुसऱ्या दिवशी कठडा कापला. लावायला त्याचा अख्खा रविवार गेला होता. काढायला अर्धा तास पुरला.

आठ दिवसांत कुणी आलं नाही. पुढच्या महिन्यात येऊ असं पत्र आलं, मग त्या पत्राचं शुद्धिपत्र. वेल्डर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दुकानाचं शटर खाली ओढायचा आणि आईला धरून वर न्यायचा. ती रांगेत असेपर्यंत सातव्या पायरीवर थांबायचा, उगाच खाली-वर कशाला म्हणून. येणारेजाणारे त्याचा हात धरू लागले. आधी विचारून, मग न विचारता.

"कठडाच बरा होता रे," आई एकदा उतरताना म्हणाली. "त्याला जेवायला तरी लागत नव्हतं."

एका शुक्रवारी अध्यक्ष रक्तदाब तपासायला आले. कानाला फोन होता. आपले एकसष्ट पक्के आहेत, ते पलीकडच्याला सांगत होते, एक गुण कमी होऊ दिला नाही. सातव्या पायरीशी त्यांचा गुडघा कुरकुरला. त्यांनी न बघता बाजूला हात टाकला, तो वेल्डरच्या खांद्यावर पडला. खांदा जरासा दबला आणि परत वर आला.

वेल्डरची बुडालेली ती एकविसावी सकाळ.