बिवळ्याचा पेला

भाऊबीजेला भागोजी पाटावर बसला तसा बायजाने ओवाळण्याआधी बिवळ्याच्या लाकडाचा पेला त्याच्यापुढे धरला. गेल्या भाऊबीजेला त्यानेच तो ताटात ओवाळणी म्हणून ठेवला होता. “रातभर ह्यात पाणी ठेव, सकाळी पी. साखर उतरंल, डॉक्टरच्या गोळ्या सोड,” म्हणाला होता. नागावच्या किनाऱ्यावर तो असेच पेले पर्यटकांना विकायचा. भावाच्या शब्दाखातर बायजा वर्षभर ते तांबूस पाणी नेमाने प्यायली. पायाचं बोट कापावं लागलं, तरी तिने पेल्याला बोल लावला नाही. आता भागोजीलाही साखर निघाली होती, म्हणून आजचं पाणी तिने त्याच्यासाठी राखलं. “पी रं.” भागोजीने हात मागे घेतला. “नको बाय, साधं पाणी दे. ते रंगवलेलं लाकूड हाय.” तो बोलून गेला. बायजाने पेला मागे घेतला नाही. “मलाबी गिऱ्हाईकच समजलास व्हय रं?”