गती : संथ

सामना सुरू होण्याआधी त्याने खेळाच्या गतीसमोर ‘संथ’ निवडलं आणि खुर्ची पुढे ओढली. बोटांना गुलाबी मेण चिकटलेलं होतं. खिडकीजवळच्या कामाच्या टेबलावर त्याने बनवायला घेतलेली एक अर्धी कवळी दात विचकून पडली होती. सामना संपेपर्यंत ती आता तशीच राहणार होती.

खेळ कॉम्प्युटरवरचा. त्यात एका काल्पनिक कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचा प्रशिक्षक व्हायचं, कोण खेळणार ते ठरवायचं, जलद, मध्यम, संथ यांपैकी एक गती निवडायची आणि मग गप्प बघत बसायचं. सामना मशीनच खेळायचं. ठरावीक अंतराने पडद्यावर एकेक ओळ उमटायची : अमक्याने पास दिला, तमक्याने फेकला, गेला, नाही गेला. बाजूला एक छोटी चौकट असायची, दोन प्रशिक्षकांना एकमेकांशी बोलायला. सामना संपला की चौकट बंद.

समोरच्या संघाची प्रशिक्षक त्याची मुलगी ठमी होती. दूरच्या शहरात नोकरीला जाताना तिनेच त्याला हा नाद लावून दिला होता. फोनवर दोघांचं कधी जमलंच नाही. “बरी आहेस?” “हो. तुम्ही?” “बरा. आईला देतो.” चौकटीत मात्र तो बोलायचा, एका बोटाने का होईना.

“तुमच्या संघातली पोरं म्हणे सगळी काटक, पळणारी,” बायको म्हणाली. ती पलंगावर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. “ठमीच सांगत होती. आणि तुम्ही त्यांची गोगलगाय करून ठेवता. मग हरणार नाही तर काय?”

“हरू दे. घाई कुणाला आहे?”

हंगामातला हा शेवटचा सामना होता. ठमीचा संघ वरच्या गटात जाणार होता, त्याचा तळाशीच राहणार होता. यापुढे दोघांची गाठ पडणार नव्हती.

ओळी उमटू लागल्या.

“खोकला?” ठमीने चौकटीत विचारलं.

“गेला,” एवढं लिहीपर्यंत दोन चढाया होऊन गेल्या. मग त्याने विचारलं, “घरमालकीण?”

“आता म्हणते दाराचा आवाज होतो. उद्यापासून दार डोक्यावर घेऊन कामाला जाते.”

तो हसला. बायकोने मान वर केली.

“काय म्हणते?”

“दार घेऊन कामाला जाते म्हणते.”

“जेवली का विचारा.”

त्याने विचारलं. जेवली होती. पडद्यावर त्याचा एक खेळाडू चेंडू धरून उभा होता. पुढच्या ओळीतही तो धरूनच उभा होता.

“बाबा, एक विचारू? रागावू नका.”

“विचार.”

“तुम्हाला या सामन्यांचा कंटाळा येतो का?”

त्याने ओळ पुन्हा वाचली. “का?” असं लिहिलं.

ठमीचं उत्तर लांबलचक आलं. “तुम्ही कायम संथ लावता म्हणून. संथ लावलं की पोरं चेंडू धरून बसतात. चढाया कमी होतात, ओळीही कमी उमटतात, सामना लवकर आटपतो. आधी मी जलद लावायची, लांबावा म्हणून. मग वाटलं, तुमची कामं खोळंबत असतील, तुम्हाला उरकायचं असेल. हल्ली मीपण संथच लावते.”

तो पडद्याकडे बघत राहिला. वरच्या कोपऱ्यात खेळातलं घड्याळ होतं. त्याकडे त्याने आजवर कधी नीट पाहिलं नव्हतं. चेंडू धरला, अशी एक ओळ आली, की घड्याळातला भलामोठा तुकडा नाहीसा होत होता. दोन ओळींत एक मिनिट संपलं.

त्याने गतीच्या जागी जाऊन ‘जलद’ दाबलं. काही झालं नाही. सामना सुरू झाला की ती जागा करडी पडून बंद व्हायची, हे त्याला माहीत होतं. तरी त्याने आणखी एकदा दाबलं.

मग तो चौकटीत परतला. एकेक अक्षर शोधत त्याने लिहिलं, “मला वाटलं, संथ म्हणजे जास्त वेळ.”

ठमी लिहीत असल्याचे तीन ठिपके दिसले, गेले, पुन्हा दिसले.

शेवटच्या मिनिटात त्याचा संघ दोन गुणांनी पुढे होता. चेंडू ठमीच्या संघाकडे होता, आणि बहुधा तीच शेवटची चढाई होती.

बायको एक चादर छातीशी धरून त्याच्या मागे येऊन उभी राहिली.

“पुढे आहात की. मग तोंड का पाडलंय?”

“बरोबरी झाली तर जादा वेळ मिळतो,” तो म्हणाला. “थोडा.”

“आणि नाही झाली तर?”

त्याने चौकटीकडे बोट दाखवलं. तिने चादर खुर्चीच्या पाठीवर टाकली आणि चष्मा शोधून आणला.

पडद्यावर ओळ उमटली : उंच खेळाडू बास्केटखाली पोहोचला, चेंडू त्याच्याकडे.

तेवढ्यात चौकटीतही ओळ आली.

“बाबा, माझ्या उंच पोराला अडवू नका हं.”

“नाही अडवत,” त्याने लिहिलं, आणि वाटेत येऊ नयेत अशा बेताने दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून पाठीमागे नेले.